सिकलसेल आहे, तर व्यायाम करायचा की नाही?



मागच्या वर्षी आमच्या गटाने मक्त्याने घेतलेल्या शेतात रोवणी चालू होती. आषाढातला पाऊस, पायाखाली चिखल, सकाळपासून दहाजणी वाकलेल्या. अकराच्या सुमारास आमच्यातली एक ताई बांधीतून बाहेर आली आणि धुऱ्यावर जाऊन बसली. तासाभरात दुसऱ्यांदा. मी ग्रामसंघाची सचिव, त्या दिवशी हजेरीची वही माझ्याकडे. मी बांधीतूनच ओरडले, "काहून बसली वं? बसून रोवणी होते का?" ती काही बोलली नाही. उठली आणि परत पाण्यात उतरली.

त्या रात्री तिची कंबर, मांड्या, हात असे दुखायला लागले की घरच्यांनी शेजारच्याची गाडी काढून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. पाच दिवस ती भरती होती. तिला सिकलसेल आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. तिने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर गट कामावर घेणार नाही अशी तिला भीती. आणि मी कधी विचारलं नव्हतं.

पुढे दुसरीच गंमत झाली. घरी आल्यावर सासूने तिला जागचं हलू दिलं नाही. माया होती म्हणूनच. पाणी नाही, सरपण नाही, अंगणसुद्धा नाही. दिवाळीपर्यंत तिचं असं झालं की चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची, मांड्या बारीक झाल्या, कंबर आखडली. तपासणीला मी तिच्यासोबत गेले, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही दमवलंत ते चुकलं, आणि त्यानंतर बसवून ठेवलंत तेही चुकलं." मग मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, डॉक्टरांनी भर घातली. आपल्या भागात हा आजार घरोघर नसला तरी गावोगाव आहे. म्हणून ते सगळं इथे लिहून काढते आहे.

रक्तात होतं काय?

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. बारीक नसांतूनही त्या दबून, घसरून पुढे जातात. सिकलसेलमध्ये पेशीतलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. शरीरात प्राणवायू कमी पडला, पाणी कमी झालं, अंग गारठलं किंवा ताप आला, की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. मग त्या बारीक नसेत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि तिथे जीवघेणं दुखतं. दवाखान्यात याला क्रायसिस म्हणतात. शिवाय साधी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून या आजारात हिमोग्लोबिन कायम कमी राहतं, डोळे पिवळसर दिसतात आणि बाई लवकर थकते. तो आळस नसतो. हे वाक्य मी स्वतःसाठीही लिहिते आहे.

आता व्यायामात किंवा कष्टाच्या कामात काय होतं ते बघा. स्नायू जास्त प्राणवायू ओढतात. घामावाटे पाणी जातं. काम थांबलं की ओलं अंग गार पडतं. म्हणजे पेशी वाकड्या व्हायला जे जे लागतं ते सगळं एकाच वेळी जमून येतं. म्हणूनच पूर्वी या रुग्णांना "काही करू नका" असं सांगायची पद्धत होती. पण आता तसं नाही. फ्रान्समध्ये सिकलसेलच्या मोठ्या माणसांवर एक अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांकडून आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, बेताचा व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून घेतला. त्यांना तो झेपला आणि त्यांची ताकद वाढली. सगळं अवलंबून आहे ते "बेताचा" या शब्दावर.

आधी कार्ड बघा

एएस आणि एसएस यातला फरक सगळ्यांनी समजून घ्यायला हवा, कारण दोघींना एकच सल्ला चालत नाही. आई आणि वडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आला तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही त्रास होत नाही, ती सगळी कामं करू शकते. नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. हा एका जातीचा किंवा एका समाजाचा आजार नाही. आदिवासी समाजात तो जास्त आहे, पण विदर्भात इतर समाजांतही आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालं, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. तुमची झाली नसेल तर आशाताईला विचारा.

एसएस असलेल्या बाईने व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवायलाच हवं. खुब्याचा सांधा झिजला आहे का, हृदयावर ताण आहे का, पायाला न भरणारी जखम आहे का, हे बघावं लागतं. खुबा दुखत असेल आणि चाल लंगडी झाली असेल, तर उड्या मारणं आणि ओझं उचलणं बंद. पोटुशी असाल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. नुकताच क्रायसिस येऊन गेला असेल, ताप असेल, तर त्या दिवसांत व्यायाम नाही.

चालायचं कसं

सगळ्यात सोपं आणि बिनपैशाचं म्हणजे चालणं. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, तेही सपाट वाटेवर, एक दिवसाआड. पहिली दोन-तीन मिनिटं अगदी रमतगमत, शेवटची दोन-तीनही तशीच. झेपलं तर पुढच्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं वाढवा. नाही झेपलं तर तेवढंच ठेवा, कोणाशी शर्यत नाही. महिना-दोन महिन्यांत वीस मिनिटं, अर्धा तास जमला तरी पुष्कळ.

किती जोरात चालायचं याचं माप तुमच्या तोंडात आहे. सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर ठीक. बोलताना वाक्य तुटायला लागलं, मध्ये दम घ्यावा लागला, तर वेग कमी करा. म्हणूनच एकटीने चालू नका, गप्पा मारणारी सखी सोबत घ्या. आमच्या ताईसोबत आता तिची सासूच जाते. दोघी भांडत भांडत चालतात, त्यामुळे माप बरोबर लागतं.

हातपाय हलके ताणणं, साधी आसनं चालतील. पण श्वास रोखून धरायचा नाही. योग दिनाला फोटोसाठी सगळ्यांसोबत चटया टाकतो, तेव्हा शेजारचीचं पाहून अंग पिळवटायचं नाही. क्रायसिसनंतर अंथरुणावर असतानाही दर तासाला दहा मोठे श्वास घ्यावेत. भरती असताना काही ठिकाणी चेंडू वर उचलायचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात, ते यासाठीच. दुखतं म्हणून बाई वरवर श्वास घेते आणि मग छातीत त्रास सुरू होतो.

पाण्याची गोष्ट

तहान लागल्यावर पाणी प्यायचं हे आपलं नेहमीचं. सिकलसेलमध्ये तहान लागली म्हणजे उशीर झाला. दिवसाला साधारण अडीच-तीन लिटर, उन्हात आणि कामात त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं माप पाळायचं. चालायच्या आधी एक पेला, मध्ये दोन-चार घोट, नंतर परत एक पेला. ताक, लिंबूपाणी, आंबील चालेल. चहा यात धरू नका. दारू आणि खर्रा तर नकोच.

एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. या आजारात मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. म्हणजे शरीरात पाणी कमी असलं तरी लघवी पाण्यासारखी आणि वारंवार होते. आपण समजतो, लघवी साफ आहे म्हणजे पाणी भरपूर आहे. तसं नसतं. उलट शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही म्हणून जास्त प्यावं लागतं.

आणि इथेच बायकांची खरी अडचण आहे. शेतात जायला आडोसा नाही. पुरुष कुठेही जातात, आपण दिवसभर पाणी न पिता काढतो. सगळ्याच काढतात, मीही काढलं आहे. पण सिकलसेलच्या बाईने असं केलं तर ती स्वतःहून क्रायसिस बोलावते. आमच्या गटाने यंदा धुऱ्यावर चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केला. खर्च शून्य. बैठकीच्या इतिवृत्तात त्याचा ठराव लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या, पण त्या रोवणीत सगळ्यांच्या बाटल्या दुपारी रिकाम्या झाल्या होत्या.

काम म्हणजे व्यायाम का?

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. "आम्ही सकाळपासून राबतो, आणखी व्यायाम कशाला?" बरोबर आहे. ज्या दिवशी निंदण आहे, सोंगणी आहे, त्या दिवशी वेगळा व्यायाम करू नका. पण दोन्हींत एक फरक आहे. चालताना वेग तुमच्या हातात असतो. कामात तो ओळीच्या हातात असतो. शेजारची पुढे गेली की आपल्यालाही जावं लागतं. त्यात रोवणी ठेक्याने घेतली असेल, तर जी बसते ती बाकीच्यांच्या मजुरीतलं खाते असं वाटतं. म्हणून बाई दुखीची गोळी घेऊन कामाला जाते. असं करू नका. गोळीने दुखणं दबतं, पण आत पेशी अडकायच्या थांबत नाहीत, आणि अंगात पाणी कमी असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला मारक ठरतात. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिली असेल तर ती मात्र रोज घ्यायची, चालणं सुरू केलं म्हणून ती सोडायची नाही. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर त्यांना लगेच सांगायचं.

आम्ही काय केलं ते सांगते. आमच्या ताईसाठी दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं धुरा, हे ठरवलं. दमल्यावर बसायचं असं नाही, दमायच्या आधी बसायचं. सकाळी दोन-अडीच तास काम, पाऊस जोरात आला की बाहेर. मग दुपारी हजेरी, हिशोब, सगळ्यांचा चहा. मजुरीवरून वाद झाला, तोही लिहिते. काहीजणी म्हणाल्या, अर्धं काम तर अर्धी मजुरी. काहीजणी म्हणाल्या, हजेरी-हिशोब हेही कामच आहे. शेवटी पाऊण मजुरी ठरली. ती कबूल झाली, पण तिच्या मनाला ते पटलं की नाही हे मी सांगू शकत नाही. तुमच्या गटाने याहून चांगला तोडगा काढला असेल तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.

ऊन आणि गारठा, दोन्ही वैरी. उन्हाळ्यात चालणं सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. तेंदूपत्ता आणि मोहफुलाच्या दिवसांत पहाटे जाऊन ऊन चढायच्या आत परत. थंडीत याच्या उलट, कोवळं ऊन आल्यावर निघा आणि कान-छाती झाकून घ्या. घामाने किंवा पावसाने भिजलात तर पहिलं काम कोरडे कपडे. पिशवीत एक जोड ठेवा. घाम आलेला असताना नदीत उतरायचं नाही, गार पाण्याने आंघोळ करायची नाही.

नागपंचमीच्या आधी आपल्याकडून कितीतरी जणी पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात. पचमढीची उंची फार नाही, ती घाबरायची बाब नाही. पण दिवसभराची चढउतार, अंगावर पाऊस, रात्री ओल्या जागेत झोप, हे एसएस असलेल्या बाईला झेपणारं नाही. देवाला माहीत आहे, घरून हात जोडले तरी पोचतात.

लेकरं आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुली

एसएस असलेल्या लेकराला खेळू द्या. फक्त त्याला पाहिजे तेव्हा थांबता आलं पाहिजे. शाळेत किंवा आश्रमशाळेत मुख्याध्यापकांना आणि खेळाच्या सरांना स्वतः जाऊन सांगा, चिठ्ठीवर भागवू नका. बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जायला अडवू नये, आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नयेत. लहान मुलांत डाव्या बरगडीखाली पानथरी म्हणजे प्लीहा वाढलेली असू शकते. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर कबड्डी, कुस्ती असे पोटाला मार लागणारे खेळ नकोत.

आता वाहक मुलींबद्दल. पोलीस भरतीसाठी आपल्या कितीतरी लेकी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर. एएस आहे म्हणून भरती सोडायची गरज नाही. अमेरिकेच्या सैन्यातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटण्याचा धोका साधारण दीडपट होता. आणि लक्षात घ्या, त्या सैन्यात पाणी आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच लागू होते.

म्हणून वाहक मुलीने पहिल्याच दिवशी घड्याळ लावून जीव तोडून धावायचं नाही. पाच-सहा आठवडे हळूहळू अंतर वाढवा, मग वेग. दोन धावांच्या मध्ये पुरेसा वेळ बसा. ताप, जुलाब, उपास किंवा जागरण असेल त्या दिवशी सुट्टी. भर उन्हात नाही. धावताना एकाएकी पाय शिशासारखे जड झाले, मांड्यांतलं बळ गेलं, तर तिथेच थांबा. गोळा आल्यावर स्नायू दगडासारखा होतो. यात तो मऊच असतो, पण उभं राहवत नाही. शिकवणारा "जिद्द ठेव, पळ" म्हणत असेल तरी थांबा. त्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना. स्नायू फुटून त्याचा घाण भाग मूत्रपिंडात जातो, आणि तिथे एक-एक तास महत्त्वाचा असतो.

केव्हा वाट बघायची नाही

थोडं दुखलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, ऊब घ्यायची, आराम करायचा. पण छातीत दुखून श्वास अपुरा पडत असेल, ताप 101 च्या वर गेला असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं असेल, लेकराचं पोट एकदम फुगून ते पांढरंफटक पडलं असेल, किंवा दुखणं दवाखान्याने दिलेल्या गोळीला दाद देत नसेल, तर 108 ला फोन करा. अंगारा-धुपारा नंतर. गाडीत बसताना सिकलसेलचं कार्ड सोबत घ्या आणि पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य "हिला सिकलसेल आहे" हेच बोला. अपघात विभागातल्या नव्या माणसाला तोंडाकडे बघून ते कळत नाही, आणि साधं अंगदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं असं होऊ शकतं.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला ठेवा. कार्ड कोणी दाखवावं ही सक्ती नाही. पण गटातल्या निदान दोघींना तरी माहीत असावं की आपल्यात कोणाला सिकलसेल आहे, तिच्या घरचा फोन नंबर काय आणि तिचं कार्ड घरात कुठे ठेवलेलं असतं. आमच्या ताईचं कार्ड तांदळाच्या कोठीवरच्या डब्यात असतं.